रिपब्लिकन पक्षातल्या धार्मिक मंडळींचं पुढे काय?

सांजवात

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आहे, म्हणून धागा काढतेय.

आम्ही आयोवात, डिमॉइनजवळ एका लहान गावात १९ वर्षं राहतोय. शेजारी पहिल्या दिवसापासून एकच कुटुंब. शेजारीणबाई आता पंच्याहत्तरीच्या आहेत आणि माझ्या मुलांची इथली आजी त्याच. धाकट्याच्या वेळी मी दवाखान्यात होते तेव्हा थोरल्याला चार दिवस त्यांनीच सांभाळलं. रविवारी चर्च, बुधवारी संध्याकाळी बायबलवाचन, आणि दर निवडणुकीला मतदान. यातलं काहीही चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

१५ जानेवारी २०२४ ला आयोवात रिपब्लिकन कॉकस होता, म्हणजे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायची स्थानिक सभा. बाहेर उणे वीस सेल्सिअसच्या आसपास थंडी, रस्त्यावर बर्फ. मी म्हटलं, बाई, आज घरीच बसा, पडाल. त्या म्हणाल्या, "मग तूच गाडी चालव." गेले. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले. शाळेच्या जेवणघरात दीडशेक माणसं, आधी प्रार्थना, मग एकेका उमेदवाराच्या बाजूने भाषण. शेवटी चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि सगळ्यांसमोर मोजायचं. आपल्या गावाकडच्या सोसायटीच्या सभेसारखंच.

माझा प्रश्न तिथून सुरू होतो. या बाईंनी २००८ ला हकबी, २०१२ ला सँटोरम आणि २०१६ ला क्रूझ यांना मत दिलं होतं. तिन्ही वेळा आयोवातल्या चर्चवाल्यांचा माणूस इथे जिंकला आणि तिन्ही वेळा पक्षाची उमेदवारी दुसऱ्यालाच मिळाली. २०२४ ला इथले मोठे धार्मिक नेते बॉब व्हँडर प्लाट्स डिसँटिस यांच्या मागे उभे होते, गव्हर्नर किम रेनल्ड्ससुद्धा. तरी ट्रंप यांना ५१ टक्के मिळाले, ९९ पैकी ९८ काउंट्या (जिल्हे) मिळाल्या, आणि चर्चला जाणाऱ्यांतही तेच पुढे होते. बाईंनीही तेच नाव लिहिलं. परतताना मी विचारलं तर म्हणाल्या, "पाळक मला स्वर्गाचा रस्ता सांगतात. हे वॉशिंग्टनचं आहे."

हे व्हँडर प्लाट्स साधे गृहस्थ नव्हेत. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तेव्हा त्यांनी मोहीम चालवून २०१० च्या मतदानात तीन न्यायमूर्तींना घरी पाठवलं होतं. त्यांचा शब्द त्यांच्याच लोकांनी मोडला.

तर येत्या दहा-पंधरा वर्षांत या पक्षात धार्मिक परंपरावाद्यांचं वजन वाढेल की घटेल? मला वाटतं, मतांचा गठ्ठा राहील, पण लगाम चर्चच्या हातून सुटून पक्षाच्या हातात गेला आहे. तुमचे अनुभव लिहा. शक्यतो ऐकीव नकोत, पाहिलेले लिहा.

हुरडा

घटेल. आकडेच बघा ना. पीआरआरआय या संस्थेच्या पाहण्यांत गोरे इव्हँजेलिकल (बायबलला आणि धर्मप्रसाराला सर्वांत महत्त्व देणारे प्रोटेस्टंट) २००६ मध्ये लोकसंख्येच्या २३ टक्के होते, २०२३ मध्ये १३ टक्क्यांच्या आसपास. गॅलपच्या २०२० च्या पाहणीत कुठल्यातरी चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सदस्य असलेले लोक ४७ टक्के निघाले. निम्म्याच्या खाली पहिल्यांदाच, १९९९ मध्ये हाच आकडा ७० होता. माझ्या ऑफिसातला तिशीच्या आतला एकही मुलगा रविवारी सकाळी चर्चला जातो असं मी ऐकलेलं नाही. विहिरीचं पाणी आटतंय, मोट किती दिवस चालणार?

पाचोळा

हुरडा यांना अनुमोदन. वाचतोय.

दवबिंदू

हुरडा, तुमचे आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. माणसं किती आहेत यापेक्षा मतदानाला किती येतात ते बघा. मी डॅलसच्या उत्तरेला राहते. २०२२ च्या मार्चमध्ये टेक्सासात रिपब्लिकन प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला) साधारण १९ लाख लोक आले, नोंदलेले मतदार पावणेदोन कोटींच्या जवळपास. म्हणजे नऊ-दहा माणसांतला एक. जिथे रिपब्लिकन उमेदवार नोव्हेंबरात हमखास निवडून येतो तिथे खरी निवडणूक मार्चमध्येच आटोपते, आणि ती हा एक माणूस ठरवतो. तो एक माणूस बहुतेकदा चर्चमधून आलेला असतो, कारण तिथे त्याला आठवण करून देणारं कोणीतरी असतं. आपल्याला कोण आठवण करतं?

शाळा मंडळाच्या निवडणुकीत तर याहून कमी लोक येतात. मे महिन्यातल्या शनिवारी मतदान, त्या दिवशी आमच्याकडे कोणाच्या तरी मुलाची मुंज नाहीतर महाराष्ट्र मंडळाचं नाटक. मी स्वतः सहा वर्षं गेले नाही. ही चूक माझी.

परिणाम सांगते. २०२४ च्या नोव्हेंबरात राज्याच्या शिक्षण मंडळाने बायबलमधल्या गोष्टी असलेला प्राथमिक अभ्यासक्रम ८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केला. एका मताने! शाळांना तो ऐच्छिक आहे, पण घेतला तर जादा पैसे मिळतात. २०२५ मध्ये प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लावायचा कायदा झाला, त्यावर कोर्टकज्जे सुरू झाले. माझी मुलगी तिसरीत आहे. तिने घरी येऊन विचारलं, "आई, आपल्या देव्हाऱ्यात इतके देव आहेत ते चालतं ना?" मी तिला जवळ घेतलं आणि चालतं म्हणाले. पण रात्री झोप लागली नाही.

तेव्हा सांजवातताई, लगाम सुटलाय हे वॉशिंग्टनपुरतं असेल. राज्यात आणि जिल्ह्यात तो पूर्वीपेक्षा घट्ट आहे.

कडूनिंब

धर्मवेड्यांच्या हातात सत्ता दिली की हेच होणार. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

निवांत

कडूनिंब, चर्चा करण्यासारखं पुष्कळ आहे. ही मंडळी राजकारणात आली कशी, तेच बहुतेकांना माहीत नसतं.

सर्वसाधारण समज असा की १९७३ मध्ये 'रो विरुद्ध वेड' निकालाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण मिळालं, त्याने धार्मिक माणूस पेटून उठला आणि रिपब्लिकन झाला. पण १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने, ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. तेव्हा हा विषय मुख्यतः कॅथलिकांचा समजला जाई.

१९७६ मध्ये जिमी कार्टर निवडून आले. स्वतः सदर्न बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत शिकवणारे. दक्षिणेतल्या पुष्कळ इव्हँजेलिकलांनी त्यांना मत दिलं. मग बिघडलं कुठे? इतिहासकारांचा एक गट सांगतो, शाळांच्या करसवलतीवर. वर्णभेद करणाऱ्या खासगी शाळांची करसवलत काढून घ्यायला सरकारने सत्तरच्या दशकात सुरुवात केली आणि त्यात दक्षिणेतल्या ख्रिस्ती संस्था सापडल्या. बॉब जोन्स विद्यापीठाचा खटला १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ८ विरुद्ध १ असा निकाली निघाला, विद्यापीठ हरलं. पाळक जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही धार्मिक-राजकीय संघटना १९७९ ची. १९८० च्या ऑगस्टमध्ये डॅलसला हजारो पाळकांसमोर रेगन म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही, पण माझा तुम्हाला आहे. तिथे ही सोयरीक पक्की झाली. रेगन स्वतः घटस्फोटित आणि नित्यनेमाने चर्चला न जाणारे. समोर कार्टर.

म्हणून सांजवात यांच्या शेजारीणबाईंचं २०२४ चं मत मला नवं वाटत नाही. उमेदवार धर्मशील आहे की नाही, हा प्रश्न १९८० मध्येच मागे पडला होता.

सांजवात

निवांत, १९७१ चा ठराव मला अजिबात माहीत नव्हता. धन्यवाद.

कडूनिंब, धाग्यावर तो शब्द नको. मी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी माझ्या मुलाचे लंगोट बदललेत.

घाटमाथा

मी नगरचा मराठी ख्रिस्ती, आता २२ वर्षं ओहायोत. इथे बाकीचे बाहेरून बघतायत, मी बाकावर बसून बघतोय, म्हणून लिहितो.

आधी जरा अवांतर. आमच्या घराण्याला शाळा दाखवली ती अमेरिकन मराठी मिशनने. त्याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं. ही सगळी न्यू इंग्लंडची काँग्रेगेशनल मंडळी. त्यांचा वारसा सांगणारं चर्च आज अमेरिकेत सर्वांत उदार गणल्या जाणाऱ्या चर्चांपैकी आहे आणि तिथले बाक झपाट्याने रिकामे होतायत. मी इथे आलो तेव्हा आमच्या गावातल्या अशा चर्चमध्ये तीस म्हातारी माणसं होती. शेजारच्या इव्हँजेलिकल चर्चमध्ये पाळणाघर, तरुणांचा गट, आजारपणात घरी डबा. आम्ही तिथे गेलो. राजकारण बघून कोणी चर्च निवडत नाही हो, बायकोला बाळंतपणात वरणभात कोण आणून देतं ते बघून निवडतो. (वरणभात नव्हता, मॅकरोनी होती. पण तीन आठवडे रोज.)

आता मुद्दा. २०१६ च्या आधी आमच्या मंडळीत राजकारण असे, पण दाराबाहेर. त्यानंतर बदललं. पाळकसाहेबांनी एका रविवारी परक्यांना आश्रय देण्याबद्दलचा लेवीय पुस्तकातला उतारा घेतला. चाळीस मिनिटं निव्वळ शास्त्र, एका नेत्याचं नाव नाही, स्थलांतराच्या कायद्याचं नाव नाही. उपासना संपल्यावर तीन कुटुंबं त्यांना भेटली आणि म्हणाली, तुम्ही डावे झालात का? महिन्याभरात त्यातली दोन दुसऱ्या चर्चला गेली. वर्षभरात पाळकांनी राजीनामा दिला. आता ते विम्याच्या ऑफिसात काम करतात. मी त्यांच्या निरोपाला मराठीतली प्रार्थना म्हटली. कोणाला कळली नाही, त्यांना कळली.

म्हणून मी सांजवात यांच्याशी सहमत आहे. माणूस आठवड्यात एक तास पाळकाचं ऐकतो आणि रोज तीन तास टीव्ही आणि फोनचं. शिष्य कोण घडवतंय मग? पूर्वी आम्ही विचारायचो, हा उमेदवार आपल्या शिकवणुकीत बसतो का. आता उलट विचारलं जातं, हे प्रवचन आपल्या पक्षात बसतं का. मला याचं दुःख होतं. माझ्या श्रद्धेचं हे नुकसान पक्षाच्या फायद्याहून मोठं आहे.

दवबिंदू, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या आज्ञांनी कोणी विश्वासात येत नाही. आमच्याकडे कोणी टांगल्या नव्हत्या.

पाचोळा

घाटमाथा, दोनदा वाचलं. लिहीत राहा.

ताकभात

उत्तम प्रतिसाद घाटमाथा. एक बाजू राहिली, ती कॅथलिकांची. मी शिकागोत वकिली करते, म्हणून तिकडे लक्ष जातं.

'रो' उलटवणारा डॉब्ज निकाल २४ जून २०२२ चा. मतं दिली प्रामुख्याने इव्हँजेलिकलांनी, पण निकालपत्र लिहिणारे अलिटो कॅथलिक, आणि नऊपैकी सहा न्यायमूर्ती कॅथलिक. न्यायाधीशांच्या नावांची यादी तयार करण्यात ज्यांचा सर्वांत मोठा हात होता ते लिओनार्ड लिओही कॅथलिक. उपाध्यक्ष व्हान्स यांनी २०१९ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. इव्हँजेलिकलांकडे मतपेटी आहे. कायद्याची पदवी, न्यायालयं, वैचारिक संस्था या बाबतीत कॅथलिक कैक पावलं पुढे आहेत. न्यायाधीश तहहयात असतो. चर्चचे बाक रिकामे झाले तरी २०४० मध्ये न्यायमूर्ती बॅरेट सत्तरीच्याही आतच असतील. हुरडा यांची विहीर आटली तरी टाकी भरलेली आहे.

पण डॉब्जने एक उलटंही झालं. जोवर 'रो' होतं तोवर पक्षाला नुसतं विरोधात बोलता येत होतं. निकाल आल्यावर कायदा करायची पाळी आली आणि लोक बिथरले. २ ऑगस्ट २०२२ ला कॅन्ससमध्ये, म्हणजे पक्क्या रिपब्लिकन राज्यात, गर्भपाताचा हक्क काढणारी दुरुस्ती ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी पडली. घाटमाथांच्या ओहायोत २०२३ मध्ये ५७ टक्क्यांनी हक्क घटनेत घातला. २०२४ मध्ये मिझुरीतही तेच. आणि म्हणून पक्षाच्या २०२४ च्या मिलवॉकी अधिवेशनातल्या जाहीरनाम्यातून देशव्यापी गर्भपातबंदीची जुनी मागणी गेली, विषय राज्यांवर सोडला गेला. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री हे वाक्यही गेलं. कित्येक वर्षं जपलेली कलमं एका दुपारी गेली आणि फारसं कोणी ओरडलं नाही. वजन घटल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

कोरडवाहू

मी अलाबामात राहते. कधी लिहीत नाही, आज लिहिते.

आमचं आयव्हीएफ चालू होतं. तिसरा प्रयत्न. १६ फेब्रुवारी २०२४ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, गोठवलेले भ्रूणही कायद्याने मुलंच. मुख्य न्यायमूर्तींनी स्वतंत्र मत लिहिलं, त्यात बायबलचे दाखले होते. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला की सगळं थांबवतोय, कधी सुरू करू सांगता येत नाही. मी इंजेक्शनांच्या मधोमध होते. फ्रिजमध्ये सुया, अंगावर निळे डाग. नवरा रोज बातम्या बघायचा, मी बघायची नाही.

आणि मग काय झालं? रिपब्लिकन विधिमंडळाने, त्याच पक्षाच्या गव्हर्नरने, ६ मार्चला दवाखान्यांना संरक्षण देणारा कायदा केला. तीन आठवड्यांच्या आत. कारण वाट बघणाऱ्या बायकांत चर्चला जाणाऱ्याही होत्या. प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारी नेहमी बसणारी बाई गळ्यातला क्रॉस चाचपत बसायची. तिने आमदाराला फोन केला होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा केला असेल.

त्याच जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी इंडियानापोलिसला आयव्हीएफबद्दल इशारा देणारा ठराव केला. आणि ट्रंप प्रचारात आयव्हीएफचा खर्च सरकार किंवा विमा कंपन्या देतील असं सांगत होते. चर्च एकीकडे, पक्ष दुसरीकडे, आणि मतं पक्षाबरोबर गेली.

आमचा तो प्रयत्न फसला. चौथ्याला मुलगा झाला. दीड वर्षाचा नाही अजून.

दवबिंदू

कोरडवाहू, तुम्हाला आणि बाळाला खूप खूप प्रेम. लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

घाटमाथा

बाळाला आशीर्वाद.

गावठाण

भारतातल्या परिस्थितीशी तुलना करायला हवी. इथेही धर्म आणि पक्ष

सांजवात

गावठाणदादा, मधेच तोडतेय, राग नको. तो विषय इथे आला की चारशे प्रतिसाद होतील आणि धाग्याला कुलूप लागेल. वेगळा धागा काढा, मी येईन.

गावठाण

बरं. तुमचं खरं आहे. काढतो.

खडीसाखर

मग आपण हिंदू या सगळ्यात कुठे? मी रिपब्लिकन आहे, करांसाठी आणि धंद्यासाठी. लपवत नाही. २०२३ च्या डिसेंबरात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेल्या विवेक रामास्वामींना आयोवातल्या सभेत हिंदू असण्याबद्दल विचारलं गेलं, त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, मला अभिमान वाटला. कॉकसमध्ये ८ टक्क्यांच्या आत राहिले. २०२४ च्या अधिवेशनात पक्षाच्या शीख नेत्या हरमीत धिल्लन यांनी शीख अरदास म्हटली, त्यावर आमच्याच पक्षाच्या लोकांनी नको ते लिहिलं. टेक्सासात शुगर लँडला ९० फुटी हनुमान उभा राहिला तर मंदिराबाहेर निदर्शनं. मी पैसे देतो, फोन करतो, दारोदार जातो. पण प्रार्थनेच्या वेळी मान खाली घालून काय म्हणायचं ते मला वीस वर्षांत सुचलेलं नाही. मी मनातल्या मनात मारुतिस्तोत्र म्हणतो.

तरी म्हणेन, ही माणसं कुटुंब धरून राहतात, दारू कमी, घटस्फोट नको, मुलांवर संस्कार. आपल्या आजीआजोबांना यांच्याशी बोलताना परकं वाटलं नसतं.

दवबिंदू

खडीसाखर, आजीला परकं वाटलं नसतं हे पटलं. पण मताच्या दिवशी आजीच्या देव्हाऱ्याला ते काय म्हणतात, तेही विचारा.

खडीसाखर

विचारतो. दरवेळी वेगळं उत्तर मिळतं. म्हणून थांबलोय.

निवांत

एक विसरत होतो. हुरडा फक्त गोरे इव्हँजेलिकल मोजतायत. काळे प्रोटेस्टंट कुठल्याही मोजमापाने धार्मिक आहेत आणि दशकानुदशकं डेमोक्रॅटिक मत देतायत, म्हणजे 'धार्मिक' म्हटलं की रिपब्लिकन हे समीकरणच अर्धं आहे. दुसरीकडे दक्षिण टेक्सासातली स्टार काउंटी बघा, जवळजवळ संपूर्ण हिस्पॅनिक. २०२४ मध्ये तिथे शंभरहून अधिक वर्षांत प्रथमच रिपब्लिकन उमेदवार जिंकला. भाववाढ आणि सीमा ही कारणं मोठी, पण त्या पट्ट्यात स्पॅनिश इव्हँजेलिकल चर्चही वाढलीयत. पुढची धार्मिक उजवी मंडळी कदाचित स्पॅनिशमध्ये प्रार्थना करतील.

हुरडा

निवांत, हा मुद्दा मान्य. शिवाय प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत ख्रिस्ती म्हणवणारे ६२ टक्के आहेत आणि गेल्या काही वर्षांत घसरण थांबल्यासारखी दिसते, हे मी पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं. दवबिंदूंचं वाचून मी आमच्या काउंटीच्या प्रायमरीचे आकडे काढले. मागच्या वेळी माझ्या केंद्रावर २११ माणसं आली होती. मी त्यात नव्हतो.

ताकभात

२०२५ च्या जुलैमधली घडामोडही नोंदवून ठेवते. पाळकाने व्यासपीठावरून उमेदवाराचा प्रचार केला तर करसवलत जाईल, असा १९५४ पासून नियम आहे. करखात्याने टेक्सासच्या एका खटल्यात लिहून दिलं की आपल्याच मंडळीशी उपासनेच्या ओघात बोललेलं त्यात धरू नये. घाटमाथा, तुमच्या पाळकांवर उद्या कोणता दबाव येईल याचा विचार करा.

घाटमाथा

तोच करतोय. आजवर ते "कायद्याने मला बोलता येत नाही" असं म्हणून सुटत होते. ती ढाल होती.

सांजवात

सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं हललं, कुठे ते सांगते.

लगाम पक्षाच्या हातात गेला, हे कोरडवाहू, ताकभात आणि घाटमाथा यांनी माझ्यापेक्षा चांगलं दाखवलं. पण दवबिंदूचं ऐकल्यावर वाटतं की मी फक्त वरच्या मजल्याकडे बघत होते. आयोवात सहा आठवड्यांनंतर गर्भपातबंदी २९ जुलै २०२४ पासून लागू आहे. जाहीरनाम्यातून कलम गेलं त्याच महिन्यात! वर सोडून दिलं आणि खाली लागू झालं. दोन्ही खरं आहे. २०२८ ला उमेदवार कोणीही असो, चर्चचं वजन मी अधिवेशनाच्या भाषणांत शोधणार नाही, राज्याच्या विधिमंडळात आणि शाळा मंडळात शोधेन.

काल शेजारीणबाईंकडे पुरणपोळी द्यायला गेले होते. घाटमाथांच्या पाळकांची गोष्ट त्यांना सांगितली, गावाचं नाव न घेता. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तो उतारा आमच्याकडे कोणी घेतलेला मला आठवत नाही." चष्मा लावून त्यांनी तो माझ्यासमोर काढला आणि मोठ्याने वाचला. अध्याय १९, वचन ३३ आणि ३४. वाचून पुस्तक मिटलं नाही, तसंच टेबलावर उघडं ठेवलं आणि मला चहा विचारला.

घाटमाथा

त्यांना माझा सलाम सांगा.